कार्तिकीपासून शिवरात्रीपर्यंत : कच्च्या ताटाचा नेम

कच्चं खायचा संकल्प सोडणारी माणसं आता खेड्यापाड्यांतही भेटतात. मोबाईलवर कुणीतरी सांगितलेलं असतं, की चुलीवरचं बंद करा, रोग पळतील, डोकं हलकं होईल, हाती घेतलेलं काम तडीस जाईल. मग सोमवारी घरात काकडी, गाजर, बीट येतं. गुरुवारपर्यंत पोट फुगतं. रविवारी पाहुणे येतात आणि रश्श्याच्या वाटीत संकल्प बुडतो. त्यानंतर माणूस मनाशी म्हणतो, 'आपल्याच्यानं काही होत नाही.' मला काळजी वाटते ती या वाक्याची. बिघडलेलं पोट दोन दिवसांत ताळ्यावर येतं. स्वतःच्या शब्दावरचा भरवसा एकदा उडाला, की तो परत यायला वर्षं लागतात.

म्हणून हा लेख दोन्ही गोष्टींबद्दल आहे. कच्चं किती, कधी आणि कसं खायचं, आणि एकदा ठरवलेलं कसं पाळायचं. डोळ्यांपुढे गाव ठेवलंय झरी, परभणी–जिंतूर रस्त्यावरचं. काळं रान, खरिपात कापूस, सोयाबीन, तूर आणि रब्बीत शाळू, हरभरा, गहू. शहरातल्या दुकानांतली महागडी फळं आणि परदेशी पाला इथे कामाचा नाही. त्याची गरजही नाही.

आधी गांधीजींची एक हकिकत सांगतो, कारण आपल्याकडे कच्च्या अन्नाचा इतका प्रामाणिक हिशेब दुसऱ्या कुणी जाहीरपणे मांडलेला नाही. १९२९ च्या उन्हाळ्यात त्यांनी चूल वगळून जेवायला सुरुवात केली. मोड आलेले गहू, बदामाचं वाटण, ठेचलेला हिरवा पाला, लिंबू, मध, असं ते जेवण. साबरमती आश्रमातले काही सोबतीही त्यात सामील झाले. 'यंग इंडिया'त त्यांनी या प्रयोगाबद्दल उत्साहानं लिहिलं. पण शरीरानं साथ दिली नाही. अशक्तपणा आला, आव झाली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी प्रयोग थांबवला. थांबवला हेही त्याच साप्ताहिकात लिहून सांगितलं.

याच माणसाचा दुसरा एक निश्चय पाहा. १९१५ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यात त्यांनी ठरवलं, की दिवसभरात पाचच पदार्थ खायचे आणि अंधार पडल्यावर काही खायचं नाही. प्रवासात, सभांत, लोकांच्या घरी, सगळीकडे त्यांनी ते पाळलं. आत्मकथेत त्याबद्दल लिहिताना या नेमाला तेरा वर्षं झाली होती.

एकाच माणसानं एक निश्चय वर्षानुवर्षं धरून ठेवला आणि दुसरा काही महिन्यांत सोडला. तरी दुसऱ्या वेळी त्याची जिद्द कमी पडली असं कुणी म्हणणार नाही. पाच पदार्थांचा होता तो नेम. तो बोटांवर मोजता येत होता आणि तो पाळल्यानं शरीराला धोका नव्हता. १९२९ चा होता तो प्रयोग. प्रयोगाचा निकाल शरीर देतं आणि तो निकाल मान्य करायचा असतो. आपल्याकडे गोंधळ होतो तो इथेच. माणसं प्रयोगाला नेम समजून हट्टानं रेटतात आणि आजारी पडतात, किंवा नेमाला प्रयोग समजून तिसऱ्या दिवशी सोडून देतात.

पूर्ण कच्चं खाणं हा प्रयोगच आहे, आणि त्याचा निकाल बऱ्यापैकी लागलेला आहे. जर्मनीत दीर्घकाळ कच्चं खाणाऱ्या पाचशेहून अधिक स्त्री-पुरुषांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात पंचेचाळीसच्या आतल्या सुमारे तीस टक्के बायकांची पाळी अनियमित झाली होती किंवा पार थांबली होती. वजन फार उतरलं होतं. दूध, दही, अंडी काहीच न घेणाऱ्याला बी-१२ जीवनसत्त्व मिळायची सोय उरत नाही, कारण पालेभाजीत ते नसतं. भर उन्हात कापूस वेचणाऱ्या बाईला किंवा पाठीवर पंप घेऊन फिरणाऱ्या गड्याला दिवसभर पुरेल एवढी ताकद नुसत्या कच्च्या माळव्यातून मिळत नाही. तेव्हा ज्वारीची भाकर, वरण, दूध-दही यांना हात लावू नका. ते आहे तसं राहू द्या.

मग नेम कशाचा करायचा? एका जेवणात, ताटाचा एक कोपरा कच्च्याचा. इतकंच. रोज दुपारी किंवा रोज रात्री, कोणतं जेवण ते एकदा ठरवा आणि मग बदलू नका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये जी आहारसूत्रं दिली, त्यांत दिवसाला साधारण चारशे ग्रॅम भाज्या आणि शंभर ग्रॅम फळं सांगितली आहेत. आपल्याकडच्या कष्टकरी घरात दोन भाकरी, वाटीभर पातळ भाजी आणि ठेचा एवढ्यावर जेवण होतं, त्यात एवढी भाजी कुठून येणार? ताटातला हा कच्चा कोपरा ती तूट थोडी भरून काढतो. चूल पेटवावी लागत नाही, तेल लागलं तर चमचाभर, आणि वेळ दहा मिनिटं.

आणखी एक फायदा आहे, तो बायकांनी मुद्दाम लक्षात घ्यावा. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. भाकरीत लोह असतं, पण ते अंगी लागायला सोबत क जीवनसत्त्व असलं तर बरं पडतं, आणि क जीवनसत्त्व शिजवताना बरंचसं नष्ट होतं. लिंबू, पेरू, आवळा, कच्चा टोमॅटो, कोथिंबीर ही त्याची घरची दुकानं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं 'इक्रिसॅट'बरोबर काढलेलं 'परभणी शक्ती' हे ज्वारीचं वाण २०१८ साली आलं. त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. अशा ज्वारीची भाकर आणि वर लिंबू पिळलेली कच्ची भाजी, हे जेवण कुठल्याही शहरी आहारतक्त्यापुढे उणं ठरणार नाही. फक्त जेवताना आणि जेवल्यावर लगेच चहा घेऊ नका. चहा ते लोह अंगी लागू देत नाही.

आता सुरुवात कधी करायची, ते बघू. नेम म्हटलं की आपल्याला चातुर्मास आठवतो. आषाढीला धरायचा, कार्तिकीला सोडायचा. कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी वांगं, कुणी एकवेळ जेवतं. या रचनेत शहाणपण आहे. सुरुवातीचा दिवस ठरलेला, शेवटचा दिवस ठरलेला, गोष्ट एकच आणि ती सगळ्या घराला, गल्लीला माहीत. शेवटी उद्यापन, म्हणजे चार माणसांसमोर नेम पुरा झाल्याची नोंद. कच्च्या ताटासाठी ही रचना जशीच्या तशी घ्या, पण महिने मात्र बदला. पावसाळ्यात पालेभाजीला चिखल असतो, पाणी गढूळ असतं, जुलाब-काविळीच्या साथी त्याच दिवसांत येतात. तेव्हा कच्चं वाढवणं अंगाशी येतं.

म्हणून कार्तिकी एकादशीला नेम धरा आणि महाशिवरात्रीला सोडा. साधारण साडेतीन महिने होतात. हेच दिवस झरीच्या शिवारात सगळ्यात हिरवे. मेथी, शेपू, कोथिंबीर, कांद्याची पात, मुळा, गाजर, करडईचा कोवळा पाला, हरभऱ्याचे ढाळे, बोरं, पेरू, आवळे. थंडीत भूक लागते, पचतं, भाजी स्वस्त असते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत टवटवीत राहते. नेम पाळायला इतके सोयीचे दिवस वर्षात दुसरे नाहीत.

आता ताटात काय वाढायचं ते बघू. मी सगळ्यात वर ठेवीन तो घोळाणा. कोशिंबिरीला शहरात मान मिळाला, घोळाणा मात्र आपल्याच पोरी विसरायला लागल्या, याचं मला वाईट वाटतं. कोवळ्या मेथीची जुडी घ्या. मुळं आणि जाड देठं काढा. पानं एकेक सुटी करून तीन पाण्यांतून काढा. पहिल्या पाण्याच्या तळाला बसलेली माती बोटाला लागते, तिसऱ्या पाण्यात ती लागली नाही पाहिजे. मग स्वच्छ फडक्यावर पसरून पाणी निथळू द्या. ही पायरी गाळली तर घोळाणा पचपचीत होतो. पानं विळीवर जाडसर चिरा, बारीक करू नका. एक कांदा चिरून त्यात मीठ आणि लाल तिखट घाला आणि कांदा आधी हातानं चुरा. मग त्यात मेथी, मूठभर शेंगदाण्याचं जाडं कूट, चमचाभर करडईचं कच्चं तेल, अर्धं लिंबू. सगळं बोटांच्या टोकांनी वर-खाली करायचं, दाबायचं नाही. पाला किंचित मऊ पडला, की लगेच ताटात, गरम भाकरीबरोबर. ठेवून दिला तर त्याला पाणी सुटतं आणि कडूपणा वर येतो. करडईच्या पाल्याचा, कांद्याच्या पातीचा, मुळ्याच्या कोवळ्या पानांचाही असाच होतो.

तेल आणि कूट यांना फाटा देऊ नका. गाजरातलं आणि पालेभाजीतलं अ जीवनसत्त्वाचं द्रव्य अंगी लागायला थोडं तेल लागतंच. आणि सगळंच कच्चं उत्तम असंही नाही. टोमॅटो आणि गाजरातली काही द्रव्यं शिजवल्यावरच शरीराला जास्त मिळतात. म्हणून एका वेळची भाजी शिजलेलीच असू द्या.

कापूस वेचायला जाणाऱ्या बाईला भांडंभर कोशिंबीर शिदोरीत नेता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तिनं अख्खं न्यावं. एक गाजर, एक मुळा, एक कांदा, एखादा पेरू, सगळं घरीच धुऊन, पुसून, वेगळ्या फडक्यात बांधून. शेतात पाण्याचा भरवसा नसतो आणि हातांना फवारणीचा अंश असतो, म्हणून धुणं घरी आणि खाण्याआधी हात साबणानं. परभणीला कॉलेजला किंवा स्पर्धा परीक्षेच्या क्लासला एसटीनं ये-जा करणाऱ्या पोरापोरींनी दुपारच्या समोशाच्या पैशांत दोन पेरू घ्यावेत. त्यांच्या नेमाला तेवढं पुरे.

यापुढचं सावकाश वाचा. ते चुकलं तर नेम बाजूला राहील आणि दवाखाना गाठावा लागेल.

ज्वारीला मोड आणून कच्चे खाऊ नका. मोड आलेलं सगळं चांगलं, असं ऐकून कुणी मुगाच्या जागी ज्वारी भिजवली तर घात होईल. कोवळ्या ज्वारीत जनावराला किराळ लागते, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. पाण्याचा ताण बसलेले फुटवे गाईनं खाल्ले, की ती धापा टाकत कोसळते. त्या फुटव्यांत जे द्रव्य असतं आणि ज्यातून पोटात सायनाइडचं विष सुटतं, तेच ज्वारीच्या मोडांतही असतं. भाकरीला, हुरड्याला ही भीती नाही. हुरडा दाणा भरल्यावरचा असतो आणि आपण तो आरात भाजूनच खातो.

सोयाबीनही कच्चं खाऊ नका, भिजवलेलंही नाही. त्यातले काही घटक प्रथिनं पचू देत नाहीत, ते उकळल्यावरच निकामी होतात. राजमा त्याहून वाईट, त्याचे चार-पाच कच्चे दाणेसुद्धा उलट्या सुरू करायला पुरे होतात. बुरशी आलेले किंवा कडवट लागणारे शेंगदाणे निवडून टाका. ती बुरशी यकृताला मारक असते, आणि भाजल्यानं तिचं विष पुरतं जात नाही.

मोडांत मूग सगळ्यात सुरक्षित, मटकी त्याच्या खालोखाल. पण लक्षात ठेवा, मोड यायला जी ऊब आणि ओल लागते तीच जंतूंनाही लागते. स्वच्छ पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी दोनदा धुऊन धुतलेल्या फडक्यात सैल बांधा, संध्याकाळी पुन्हा पाणी फिरवा आणि बारीक मोड दिसले की त्याच दिवशी संपवा. चिकट लागले किंवा वास आला तर जनावराला टाका. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि दिवस गेलेल्या बायकांनी मोड वाफवल्याशिवाय खाऊच नयेत.

पुढची गोष्ट फवारणीची. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली, ते आपल्यापासून फार लांब घडलेलं नाही. कापसाच्या बांधाला लावलेली मेथी, सरीत आपोआप उगवलेली घोळ किंवा तांदुळजा ही भाजी फुकटची वाटते, पण वरच्या पिकावर मारलेलं औषध तिच्यावरही पडतं. हरभऱ्यात तर नेमक्या घाटे भरायच्या दिवसांत घाटेअळीसाठी फवारतात, आणि तेव्हाच आपण ढाळे उपटून बांधावर बसून खातो. डबीवर पीक काढायच्या आधी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. पण ते दिवस मोजण्यापेक्षा सोपं म्हणजे घराजवळचा एक वाफा आणि हरभऱ्याच्या चार ओळी घरच्या खाण्यासाठी वेगळ्या राखा आणि त्यांच्यावर औषध मारू नका. अळीनं काही घाटे खाल्ले तर खाऊ द्या. घरच्या कर्त्या माणसानं नेमाच्या पहिल्या दिवशी एवढं कबूल करावं. घरातल्या बायकांनी त्याच्याकडून ते कबूल करून घ्यावं.

बाजारातून आणलेल्या भाजीला कुठलं पाणी लागलंय हे कळत नाही. मैला मिसळलेलं पाणी लागलेल्या कोबीवर, कोथिंबिरीवर, गाजरावर कृमींची अंडी चिकटलेली असू शकतात. त्यातल्या एका जातीच्या कृमीमुळे मेंदूत गाठी होऊन फिट्स येतात. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवल्यानं ही अंडी मरत नाहीत. पानन् पान सुटं करून वाहत्या पाण्याखाली चोळलं तर ती बरीचशी निघून जातात. शेवटचं पाणी प्यायचंच वापरा, आशाताईंकडच्या मेडिक्लोरचे थेंब टाकलेलं असेल तर आणखी चांगलं. गाजर-मुळा सोलून घ्या. कोबी कच्चा नाही खाल्ला तर काही अडत नाही.

किडनीचा आजार असलेल्यांनी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी आणि पोटात अल्सर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा नेम धरू नये. पालेभाजी एकदम वाढली की त्या गोळ्यांचा परिणाम बदलतो, आणि किडनी अधू असेल तर फळं-भाज्यांतलं पोटॅशियम साठत जातं. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी भाकर कमी करून त्या जागी काकडी खाल्ली तर साखर अचानक उतरू शकते. गव्हांकुराच्या रसानं कॅन्सर बरा होतो असं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका, आणि चालू असलेला एकही औषधोपचार कच्च्या खाण्याच्या भरवशावर बंद करू नका.

आता पाळण्याचं. पहिल्याच आठवड्यात घरातून टोमणा येणार. 'काय गं, शेळीवानी पाला खायलीस!' असं सासूबाई म्हणतील, नाहीतर दीर म्हणेल. उत्तर देत बसू नका. त्यांच्या ताटातही चमचाभर घोळाणा वाढा. आजे-सासूबाईंना विचारा, त्यांच्या लहानपणी करडईचा पाला कसा खायचे. चव जिभेला लागली की टोमणे आपोआप थांबतात, आणि नेमाला घरातलाच एक साक्षीदार मिळतो. नेम गुपचूप धरू नका. किमान दोन माणसांना सांगा, त्यात एक घराबाहेरचं असावं. आपल्याकडे माळ घातलेल्या माणसाला कुणी मटणाचा आग्रह करत नाही, कारण त्याचा नेम सगळ्यांना दिसतो.

भिंतीवरच्या कालनिर्णयवर ज्या दिवशी नेम पाळला त्या दिवसावर फुली मारा. पाळला नाही तर जागा कोरी सोडा. लिहायचं असेल तर कारण एका शब्दात लिहा. लग्न, ताप, गावाला, कंटाळा. महिना झाला की कारणं वाचा. बहुतेकांना कंटाळा फार कमी वेळा सापडतो आणि 'आणलं नव्हतं' हे कारण पुन्हापुन्हा सापडतं. म्हणजे दोष मनाचा नसतो, बाजारहाटाचा असतो. मग बाजाराच्या दिवशी काय आणायचं ते आदल्या रात्री लिहून ठेवा, की अर्धा नेम तिथेच पार पडला.

एखादा दिवस चुकणारच. सप्ताह असेल, लग्नसराई असेल, घरात दुखणं असेल. चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी उपास करू नका, दुप्पट खाऊ नका. फक्त दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी पुन्हा सुरू करा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी शहाण्णव माणसांवर केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. खाण्या-पिण्याची किंवा व्यायामाची एक नवी गोष्ट रोज ठरल्या वेळी करायची, एवढंच त्यांना सांगितलं होतं. ती गोष्ट अंगवळणी पडायला मध्यावरच्या माणसाला सहासष्ट दिवस लागले. कुणाला अठराच लागले, तर कुणाला अडीचशेच्या वर लागतील असा हिशेब निघाला. आणि मध्ये एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यावर फारसा फरक पडला नाही. एकवीस दिवसांत माणूस बदलतो असं सांगणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यामुळे बाविसाव्या दिवशी निराश होऊ नका. कार्तिकी ते शिवरात्र ही मुदत सहासष्ट दिवसांहून बरीच मोठी आहे, म्हणूनच ती धरली.

मधल्या एकादशांचा वेगळा विचार करा. साबुदाण्याची खिचडी आणि तळलेले वेफर यांनी पोट जड होतं, उपासाचा हलकेपणा मिळत नाही. त्या दिवशी पेरू, बोरं, केळं, शेंगदाणे, दूध यांवर राहून पाहा. उपास मोडत नाही आणि कच्च्याचा नेमही साधतो.

या नेमानं माणूस मोठा होतो का, असं कुणी विचारलं तर मी हो म्हणेन, पण त्याचं श्रेय मेथीला देणार नाही. स्वतःला दिलेला लहानसा शब्द शंभरावर दिवस पाळून दाखवला, की पुढचा शब्द द्यायची हिंमत येते. याचं महाराष्ट्रातलं मोठं उदाहरण उरुळी कांचनचं आहे. मार्च १९४६ मध्ये गांधीजी पुण्याजवळच्या या गावी आले, गोरगरिबांवर निसर्गोपचार सुरू केला आणि थोड्याच दिवसांत त्यांना पुढे जावं लागलं. मागे राहिले तरुण मणिभाई देसाई, सुरतकडचे. या गावासाठी आयुष्य देईन असा शब्द त्यांनी दिला होता. निसर्गोपचार आश्रम त्यांनी चालवलाच. पण गावाचं दारिद्र्य नुसत्या उपचारांनी हटत नाही हे दिसलं, तेव्हा शेती सुधारली, गाईंची जात सुधारायचं काम हाती घेतलं, १९६७ साली 'बाएफ' ही संस्था उभी केली. १९८२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९३ साली ते गेले, तोवर दिलेला शब्द सुटला नव्हता. शब्द गावाचा होता. त्यासाठी वापरायची साधनं त्यांनी गरजेप्रमाणे बदलली.

तुमचंही तसंच असू द्या. ध्येय असेल निरोगी राहण्याचं, रक्त वाढवण्याचं, तंबाखू सोडण्याचं, परीक्षा काढण्याचं. कच्चं ताट हे त्यातलं एक साधन. पण सगळी ध्येयं एकाच कार्तिकीला धरू नका. पहिल्या वर्षी ताटाचा नेम एकटाच असू द्या. शिवरात्रीला तो पुरा झाला, की चार शेजारणींना बोलवा, घोळाणा-भाकर करा, कालनिर्णय दाखवा. मग दुसरा नेम धरा, तोही असाच लहान, मोजता येणारा आणि मुदतीचा. तंबाखूचा असेल तर गावातल्या आरोग्य कर्मचाऱ्याला सांगूनच. अभ्यासाचा असेल तर पहाटेचा एकच तास, पण रोज तोच.

नेम धरण्याआधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्या, वजन करा आणि दोन्ही आकडे कालनिर्णयच्या कोपऱ्यात लिहा. महिन्याभरात वजन फार उतरलं, सारखा थकवा आला, पाळी लांबली किंवा जुलाब थांबेनात, तर नेम तिथेच सोडा आणि डॉक्टरांकडे जा. तसं काही झालं नाही तर शिवरात्रीनंतर दोन्ही तपासण्या पुन्हा करा. रक्त वाढलं नसेल तर डॉक्टरांकडून लोहाच्या गोळ्या घ्या आणि ताटातला कच्चा कोपरा तरीही चालू ठेवा.